घरातल्या चपला

लेकीच्या, महानंदाच्या कानातल्या कुडीची फिरकी हरवली तेव्हा दानम्मानं दोन दिवस घर उपसलं. अंथरुणं झटकली, मोरीची जाळी काढून बघितली, केरसुणीची काडी न् काडी विंचरली. तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपासून पाण्याच्या पिंपापर्यंत फरशीवर ओलसर लाल ठिपके उमटलेले दिसले. कुंकू कुणी सांडलं म्हणून अक्काताईनं तोंड सोडलं. मग तिला दिसलं की ठिपके दानम्माच्या मागं मागं चालले आहेत.

फिरकी दानम्माच्या उजव्या तळव्यात होती, अंगठ्याखालच्या उंचवट्यात, बुडापर्यंत रुतलेली. दोन दिवस ती त्याच पायानं घरभर फिरकी शोधत हिंडली होती. अक्काताईनं चिमट्यानं ती ओढून काढली. आत पू झाला होता. दानम्मा मात्र दुसऱ्याच कुणाचा पाय असल्यासारखी वाकून बघत होती.

"दुखत न्हाय व्हय गं तुला?" अक्काताईनं विचारलं.

"न्हाय की."

"बरं हाय बाई," अक्काताई म्हणाली, आणि फिरकी धुऊन महानंदाच्या हातावर ठेवली.

अक्काताई म्हणजे दानम्माची नणंद. तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती उत्तरेश्वर पेठेतल्या या घरात कायमचीच राहिली. भाऊ शिवाप्पा लक्ष्मीपुरीत पेंड आणि सरकीचं दुकान चालवायचा, आणि घर अक्काताई चालवायची. दानम्मा वीस वर्षं त्या घरात राबली होती. भाजलं, कापलं, बाळंतपणं झाली, दोन मुलं जाऊन एक महानंदा राहिली, पण दानम्मानं कधी हूं की चूं केलं नाही. न दुखणं हा त्या घरात बाईचा गुण समजला जात होता. आता तो तिच्या तळव्यात उतरला एवढंच.

हळद भरून झाली, कडुलिंबाच्या पाण्यानं शेकून झालं, कुणी सांगितलं म्हणून जुन्या तुपाची पट्टी बांधून झाली. महिनाभरात भोक रुपयाएवढं झालं आणि पायाला वास येऊ लागला. जेवताना वास आला तेव्हा शिवाप्पा तिला दवाखान्यात घेऊन गेला. हे एकोणीसशे बहात्तर सालचं.

एका ट्रस्टचा धर्मादाय दवाखाना होता तो. तिथल्या डॉक्टर अष्टेकरांनी लघवी तपासली आणि साखरेचा आजार असल्याचं सांगितलं. मग त्यांनी तिचे डोळे झाकायला लावून पायाला टाचणी टोचली, आणि कुठं टोचलं ते विचारलं. दानम्मा गप्पच राहिली. तिला वाटलं, अजून टोचायचीच आहे.

डॉक्टर तरुण होते आणि असल्या पायांचा अभ्यास करत होते. बावन्न रुग्ण त्यांनी वहीत घेतले होते, दानम्मा एकेचाळिसावी. त्यांना एवढंच शोधायचं होतं की जखम औषधानं भरते, की तिच्यावर भार न दिल्यानं भरते. त्यांनी शिवाप्पाला समजावून सांगितलं की चांगल्या पायाला जखम झाली तर माणूस लंगडतो, आणि लंगडतो म्हणून बरा होतो. यांना दुखतच नाही, त्यामुळं या जखमेवर उभ्या राहून भाकऱ्या थापतात. वरून सोन्याचं मलम लावलं तरी ते कसं लागू पडणार?

मोजायची त्यांची रीत साधी होती. एक्स-रेची जुनी फिल्म सोड्यानं धुऊन काचेसारखी करायची, ती जखमेवर ठेवून शाईनं कड गिरवायची, मग चौकोनाच्या कागदावर ठेवून आत किती चौकोन बसतात ते मोजायचे. हे काम निसार करायचा. निसारच्या वडिलांनी जन्मभर संस्थानच्या पागेसाठी खोगिरं शिवली. संस्थान गेलं, घोडी गेली, तेव्हा पोरगा महारोग्यांच्या दवाखान्यात त्यांच्या खास चपला शिवायला शिकला. घोड्याच्या पाठीला खोगीर लागू नये म्हणून काय करायचं ते त्याला घरातूनच ठाऊक होतं. माणसाचा पाय त्याला फार वेगळा वाटला नाही.

पहिल्या दिवशी एकेचाळीस चौकोन भरले.

"माझा नंबर पण एकेचाळीसच की," दानम्मा म्हणाली.

"मावशी, नंबर हाय तसाच ऱ्हाणार, चौकोन कमी करू," निसार म्हणाला.

गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घातलं. दर पंधरा दिवसांनी ते काढून फिल्म ठेवायची आणि नवं घालायचं. आठ आठवडे दानम्मा ओसरीवर पाय पसरून बसली. लग्न झाल्यापासून दुसऱ्याच्या हातचं गरम जेवण तिनं बाळंतपणाबाहेर खाल्लं नव्हतं. आता अक्काताई भांडी आपटत वाढायची, आणि पेठेतल्या बायकांना सांगायची की आमच्या वयनी सध्या राणीसाहेब झाल्यात. दानम्मा ऐकून घ्यायची. तिच्या डोक्यात एकच विचार असायचा. पंधरा दिवसांनी सव्वीस. मग अकरा. मग तीन. तिसरीनंतर शाळा सुटलेली बाई, जन्मात तिला कुणी कशात गुण दिले नव्हते. दवाखान्यात पाऊल टाकलं की निसारला ती आधी विचारायची, आज किती? आठव्या आठवड्यात निसारनं फिल्म ठेवली आणि शाईची दौत उघडलीच नाही. गिरवायला काही उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी मग तिला समोर बसवून बजावलं की खरं काम आता आहे. नवी कातडी पापडासारखी पातळ असते. यापुढं जन्मभर एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही. घरातसुद्धा. स्वैपाकघरातसुद्धा. निसारनं तिच्या पायाचा साचा घेऊन चपला केल्या. काळं, जाड, मऊ रबर, वर दोन रुंद पट्टे, मागं टाचेला पट्टा, आणि सबंध चपलेत एकही खिळा नाही. दिसायला अगदी ओबडधोबड. कोल्हापूरच्या बाईनं पायात घालावं असं त्यात काहीच नव्हतं.

अक्काताईनं त्या उंबऱ्याबाहेरच अडवल्या. ज्या घरात रोज इष्टलिंगाची पूजा होते, त्या घरात चुलीपाशी पायताण? उद्या देवघरात घोडं बांधा म्हणावं त्या डॉक्टरला. चार दिवस वाद झाला. शेवटी शिवाप्पा मठात जाऊन स्वामींना विचारून आला. स्वामींनी विचारलं की चामडं आहे का. नाही म्हटल्यावर म्हणाले, रबर म्हणजे झाडाचा चीक, घरात वापरायचा जोड वेगळा ठेवा, तो बाहेर नेऊ नका, देवाची काही हरकत नाही. निसारनं दुसरा जोड केला, त्याला पट्टेही कापडाचेच लावले. अक्काताईनं जोड पाण्यातून काढून, विभूती लावून आत घेतला.

दीड वर्ष दानम्मा त्या चपलांवर चालली. दीड वर्ष फिल्मवर शाई लागली नाही. डॉक्टरांनी तिला इतर रुग्णांपुढं उभं केलं, ह्यांच्याकडून शिका म्हणाले. ती दहा माणसांसमोर उभी राहिली आणि पदर दाताखाली धरून हसली.

देवाला चाललं. पाहुण्यांना चाललं नाही.

महानंदाला एकोणिसावं लागलं होतं. निपाणीहून पाहुणे बघायला आले. मुलगा तंबाखूच्या वखारीत, घर चांगलं. महानंदा पोहे घेऊन आली, नाव सांगितलं, एक भक्तिवचन म्हटलं. मुलाची आत्या तेवढा वेळ ओसरीच्या कोपऱ्याकडं बघत होती. तिथं दानम्माचा बाहेरचा जोड होता. चपला कुणाच्या ते आत्याबाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं असतं. निपाणीत त्यांच्या गल्लीच्या टोकाला दर गुरुवारी महारोग्यांना औषध आणि चपला वाटायचे. काळं जाड रबर, दोन रुंद पट्टे. ती चप्पल तिकडं पोरंसोरंही ओळखायची. पाहुण्यांनी चहा तसाच ठेवला, आणि आठ दिवसांनी कुंडली जुळत नसल्याचा निरोप आला. लिंगायतांत कुंडली कोण बघतंय, म्हणून अक्काताईनं मध्यस्थाला खोदून विचारलं. मग कळलं.

त्या संध्याकाळी कुणी दानम्माला काही बोललं नाही. शिवाप्पा जेवला नाही. महानंदा माडीवर जाऊन बसली. अक्काताई एवढंच म्हणाली की पेठेत चार दिवसांत बोभाटा होईल, आणि मग या पोरीला बिजवर सुद्धा मिळणार नाही. साखर आहे, महारोग नव्हे, हे दारोदार सांगत फिरणार का? आणि साखर तरी कुणाला सांगायची? आईची साखर म्हटली की लोक पोरीतही साखर शोधतील.

दानम्मा उठली. तिनं दोन्ही जोड पेंडीच्या रिकाम्या पोत्यात घातले, सुतळीनं तोंड बांधलं आणि पोतं माळ्यावर टाकलं. अक्काताईनं सांगितलं नव्हतं. शिवाप्पानं सांगितलं नव्हतं. पुढं ती स्वतःशी हे पुष्कळदा म्हणायची, की कुणी सांगितलं नव्हतं. त्या घराची रीत तीच होती. कुणी सांगायचं नाही, आणि बाईनं करून मोकळं व्हायचं.

महानंदाचं लग्न होईपर्यंत, एवढंच तिनं ठरवलं होतं.

दीड महिन्यात बिद्रीचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात कारकून, आई खमकी, पण मुलगी पसंत पडली. सुपारी फुटली आणि लग्न वैशाखातलं ठरलं. बिद्रीची माणसं आता कधी बस्त्याला, कधी सहजच म्हणून केव्हाही दारात उभी राहायची. पोतं माळ्यावरून खाली येईना.

मध्ये एकदा निसार सायकल मारत घरी आला. डॉक्टरांची दोन वर्षांची तपासणी होती, मावशी दोन महिने फिरकल्या नाहीत म्हणून बघायला पाठवलं होतं. अक्काताईनं दार अर्धंच उघडलं.

"ती वाडीला गेलीया. दत्ताला."

"कवा येतील?"

"नवस हाय. सांगता येत न्हाय."

दानम्मा दाराआड, हातभर अंतरावर शेवया मोडत बसली होती. निसारनं सायकल वळवली. त्यानं फक्त विचारलं, चपला घालून गेल्यात न्हवं? अक्काताई हो म्हणाली. दानम्मानं शेवयांचा हात थांबवला नाही.

लग्न कार्यालयात झालं. वैशाखाचं ऊन, मागच्या अंगणात शहाबादी फरशी, आणि फरशीपलीकडं आचाऱ्याची चूल. वधूची आई म्हणून दानम्मा सकाळी सातपासून त्या फरशीवरून आत-बाहेर करत होती. कधी तूप कमी पडलं, कधी विहिणीला हिरवा खण हवा होता. बाकीच्या बायका त्या फरशीवरून हाय हाय करत टाचांवर पळत होत्या. ती शांतपणे चालत होती. विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, आमच्या विहिणीला ऊन सुद्धा लागत नाही बघा.

संध्याकाळी पाय धुताना उजव्या तळव्याची कातडी पाण्याबरोबर निघून आली. रताळ्याची साल निघावी तशी. दानम्मानं जुनं लुगडं फाडून गुंडाळलं आणि वर मोजा चढवला. पाचपरतावण होईपर्यंत तिनं कुणाला सांगितलं नाही. मुलगी-जावई जेवून बिद्रीला परत गेले, तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता.

दवाखान्यात निसारनं सवयीनं फिल्म काढली, आणि पाय बघून परत ठेवून दिली. दानम्मानं विचारलं, किती? तो डॉक्टरांना बोलवायला गेला.

पाय गुडघ्याखाली कापला. आठव्या दिवशी डॉक्टर अष्टेकर वही घेऊन खाटेपाशी आले. ते चिडलेले होते, आणि त्यांचं चिडणं खोटं नव्हतं. दीड वर्ष ही बाई त्यांचा पुरावा होती. त्यांनी विचारलं की चपला किती दिवस घातल्या नाहीत. तिनं सांगितलं, साडेतीन महिने. त्यांनी लिहून घेतलं.

"काय लिवलं?" तिनं विचारलं.

"सूचना पाळल्या नाहीत. बावन्नातल्या एकोणीस जणांनी पाळल्या नाहीत. त्यांत तुम्ही."

"का पाळल्या न्हाईत ते लिवलं?"

डॉक्टरांनी वहीच्या पानावर बोट फिरवलं. "त्याला रकाना नाही, दानम्मा."

"करा की एक. पोरीचं लगीन हुतं म्हणून लिवा."

"ते प्रत्येकाचं वेगळं असतं. लग्न, कापणी, जत्रा. अभ्यासात ते घेता येत नाही."

"मग कसला अभ्यास केला तुम्ही?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पाय कशानं बरा हुतो ते तुमास्नी कळलं. कशानं जातो ते न्हाय कळलं."

डॉक्टरांनी वही मिटली. पुढं त्यांचा निबंध मुंबईत वाचला गेला, आणि त्याचं कौतुक झालं असं निसारकडून कळलं. एकेचाळीस नंबर एकोणीस जणांत मिळून गेला होता.

घरी आल्यावर अक्काताईनं गोष्ट तयार ठेवलीच होती. स्टेशन रोडला मालट्रकचं चाक पायावरून गेलं. पेठ हळहळली. बिद्रीची विहीण शहाळी घेऊन आली आणि गळ्यात पडून रडली. तुटलेल्या पायाला काही डाग नव्हता. उरलेल्या पायासाठी निसारनं एकच चप्पल करून आणली, तीही आता घरात, दारात, चारचौघांत चालली. अपघातातल्या बाईला दवाखान्यानं दिली, त्यात काय एवढं? दानम्मा कुबडी टेकत, एका चपलेवर, सगळ्यांसमोर घरभर फिरू लागली.

दुसऱ्या वर्षी महानंदाला सातवा लागला आणि डोहाळेजेवणाला माहेरी आणली. सासू बरोबर आली. महानंदाचं वाढलेलं पोट बघून दानम्मा आधी सुखावली. मग तिच्या ध्यानात आलं की पोर तांब्या खाली ठेवत नाही. दुपारपर्यंत तिनं पाचदा पाणी भरलं, आणि तेवढ्याच वेळा मोरीत लघवीला जाऊन आली. संध्याकाळी मोरीत काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. पायात फिरकी रुतण्याआधी दोन वर्षं त्याच मोरीतल्या असल्याच मुंग्या दानम्मानं कढत पाणी ओतून घालवल्या होत्या, त्यांचा अर्थ तिला तेव्हा ठाऊक नव्हता.

तिनं महानंदाला बाजूला बोलावून साखरेचं सांगितलं. महानंदाला नवल वाटलं नाही. आपण ओळखलंय, बाळंतपण झालं की बघू, असं ती म्हणाली.

"तवर उशीर हुईल गं. पोटातल्याला बी हुईल."

"अव्वा, तू गप ऱ्हा. ट्रक म्हणून सांगितलंय ते तसंच ऱ्हाऊ दे. माझी आण हाय तुला."

दुसऱ्या दिवशी ओटी भरली, बायका गाणी म्हणून गेल्या. पंगत उठल्यावर घरचीच माणसं राहिली. विहीणबाई पान जमवत बसल्या होत्या. दानम्मा कुबडी टेकत त्यांच्यासमोर येऊन बसली. अक्काताईनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला आत यायला खुणावलं. ती हलली नाही.

"माझा पाय ट्रकखाली गेला न्हाय," दानम्मा म्हणाली. "साखरेनं गेला. तीच हिच्यात आलीया असं मला वाटतंय. हिला उद्याच डॉक्टरकडं न्या."

विहीणबाईंच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. "कवापासनं हाय तुमाला?"

"तीन-चार वर्षं."

"म्हंजे लग्नाआधी ठावं हुतं."

"हुतं."

विहीणबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. मग त्यांनी पान न खाताच पदरात बांधलं, आणि महानंदाला सामान भरायला सांगितलं. त्या दुष्ट नव्हत्या. पोटात त्यांच्या घरचा वंश होता, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुनेला डॉक्टरकडं नेलं. साखर निघाली, औषध सुरू झालं, नातू धडधाकट झाला. टाकून दिलं नाही कुणी. पण फसवून गळ्यात बांधलेली सून म्हणून जे ऐकायचं ते महानंदा रोज ऐकत राहिली. आणि त्या दिवशी टांग्यात बसायच्या आधी, आईच्या पाया पडायचं सोडून, ती म्हणाली होती,

"तुझा पाय गेला म्हणून माझा संसार बी जायाला पायजे हुता व्हय, अव्वा?"

ती परत आली नाही. बाळंतपणाला नाही, बारशाचं बोलावणं नाही, बाप वारला तेव्हा मात्र तासाभरासाठी आली आणि अक्काताईपाशी बसून गेली. अक्काताईनं तिला जवळ घेतलं. पोरीचं चांगलं झालेलं आईलाच बघवलं नाही, हे अक्काताई पेठेतही सांगायची. दानम्मा ऐकून घ्यायची.

दहा-अकरा वर्षं अशीच गेली. बिद्रीची तानाबाई दर सोमवारी पेठेत लोणी विकायला यायची. दानम्मा गरज नसली तरी तिच्याकडून पावशेर घ्यायची. नातू कितवीत गेला, जावयाला बढती मिळाली का, हे तानाबाईच आपणहून सांगायची. दानम्मा स्वतः एकच विचारायची, आणि दर सोमवारी तेच विचारायची.

"घरात अनवाणी चालती का गं ती?"

तानाबाई लोण्याचं पान बांधता बांधता हसायची. "चालती की. आता घरात कोण चपला घालतंय, मावशी?"